लेकीच्या घरचा ओक आणि सहकारनगरची मोरी

ताई, नमस्कार.

सहकारनगरला १९८६ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. यंदा स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलंय आणि जमिनीवरून घरात दोन तट पडलेत. मध्यंतरी आम्ही मुलीकडे न्यू जर्सीला राहून आलो. तिच्या स्वयंपाकघरात ओकची लाकडी जमीन आहे. तिथे तासभर उभं राहिलं तरी माझे गुडघे बोलत नसत, हे खरं. यांना ती जमीन इतकी आवडली की आता आपल्याकडेही लाकूडच, ओक नाही तर निदान सागवान, असा हट्ट धरलाय. मला टाइल्स हव्यात. आमच्याकडे कोपऱ्यात मोरी आहे, मावशी तिथेच बसून भांडी घासतात, रोज ओल्या फडक्याने पुसणं होतं. शोरूमवाल्याने मधला मार्ग म्हणून ‘वॉटरप्रूफ वुडन’ दाखवलं, एसपीसी म्हणाला. काँट्रॅक्टर म्हणतो, जुनी मोझेकची फरशी काढूच नका, तिच्यावरच टाइल चिकटवतो, दोन दिवसांत काम. (फरशी तशी बरी आहे, मोरीजवळच्या चारपाच बद्द वाजतात. खालच्या काकू त्यांच्या छताला मोरीखाली ओल आल्याचं म्हणत होत्या, पण ते पावसाळ्यापुरतंच असतं.) सासूबाई ८४ वर्षांच्या, काठी घेऊन चालतात, दुपारचा चहा मात्र स्वतःच करून घेतात. स्वयंपाकघर आठ बाय दहा. काय करावं? आणि जमलं तर यांना तुम्हीच समजवा, माझं ऐकत नाहीत.

— एक वाचक, पुणे

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. लाकूड की टाइल हे पुढे बघू. आधी खालच्या काकूंचं छत.

ओल पावसाळ्यापुरतीच दिसते म्हणून गळती पावसाळ्यापुरतीच आहे, असं होत नाही. मोरीत तुम्ही बाराही महिने पाणी ओतता. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत स्लॅबमधून झिरपलेलं पाणी खालच्या बाजूने वाळून जातं, डाग धरत नाही. जुलैत हवाच दमट, मग ते वाळत नाही आणि काकूंना दिसतं. मोरीची भिंत बाहेरची असेल तर पावसाचं पाणी भिंतीतूनही येत असेल, हेही शक्य आहे. पण वरच्या फरश्या बद्द वाजतात आणि नेमकी त्यांच्याच खाली ओल दिसते, म्हटल्यावर माझा संशय मोरीवरच आहे.

हे घरच्या घरी तपासता येतं. मोरीच्या नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जाळीखालून पाणी जातं त्या भांड्याचं, तोंड चिंध्यांचा गोळा घालून घट्ट बंद करा, मोरीत दोनतीन इंच पाणी भरा आणि ४८ तास तसंच राहू द्या. काकूंच्या छतावरचा डाग त्या वेळात वाढला, तर जमिनीतूनच पाणी उतरतंय. डाग तसाच राहिला, पण बोळा काढून पाणी सोडल्यावर वाढायला लागला, तर ट्रॅपचा किंवा त्याच्या खालच्या पाइपचा सांधा गेलाय. एवढ्या जुन्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी हे ट्रॅप बिडाचे असतात आणि गंजून फुटलेले सापडतात. पावसाळ्यात तपासून पुन्हा गोंधळ होऊ नये म्हणून कोरडे चार दिवस बघून करा.

दोन्हींपैकी काहीही निघालं तरी काँट्रॅक्टरचा दोन दिवसांचा बेत बाद. एरवी टाइलवर टाइल चिकटवण्याला माझा विरोध नसतो. खालची फरशी घट्ट असेल, सपाट असेल आणि काँट्रॅक्टरने भिजवलेल्या सिमेंटऐवजी खरोखरचं पॉलिमरवालं टाइल अ‍ॅडेसिव्ह वापरलं, तर ते चांगलं टिकतं. जमीन बारा-पंधरा मिलिमीटरने उचलते, दारं खालून तासावी लागतात, इतकंच. पण तुमच्या खालची फरशीच सुटलीय आणि तिच्याखाली ओल आहे. त्यावर नवी टाइल डकवणं म्हणजे गळतीवर झाकण ठेवणं. वर्ष-दोन वर्षांनी तेच खोदकाम, तेव्हा मात्र नव्या टाइल्स फोडून.

ओल नसती, तर मी तुम्हाला तिसराच सल्ला दिला असता, तोही सांगून टाकते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. १९८०च्या आसपासची मोझेक फरशी घट्ट असेल तर ती काढू नका. सिमेंटमध्ये संगमरवराच्या कपच्या असलेली ती फरशी मशीनने घासून पॉलिश करता येते, वर सीलर मारता येतो. त्याच मालाला आता टेराझो म्हणतात आणि शोरूममध्ये त्याच्या छापाच्या टाइल्स विकतात! खऱ्या फरशीवरून छापलेली नक्कल बसवण्यासाठी खरी फरशी फोडणारी घरं मला कळत नाहीत. असो. तुमच्या नशिबात ते नाही.

तर फरशी निघणार, खालचा मुरूम-चुन्याचा किंवा सिमेंटचा थरही निघणार, स्लॅब उघडा पडणार. ट्रॅप नवा बसवा. वॉटरप्रूफिंगचे पॉलिमर-सिमेंटचे दोन हात फक्त मोरीपुरते मारायचे नाहीत, ते सिंकच्या खाली आणि ओट्याच्या कडेनेही न्यायचे आणि भिंतीवर किमान नऊ इंच चढवायचे. भिंत आणि जमीन भेटतात तो कोपरा काटकोनात सोडायचा नाही, तिथे सिमेंट-वाळूच्या मसाल्याची गोलाई द्यायची. मिस्त्री तिला वाटा म्हणतात, वाटा मारला का, एवढंच विचारा, त्याला कळेल. मग परत एकदा पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. काँट्रॅक्टर या दोन दिवसांवर कुरकुर करेल. करू द्या. टाइल बसण्याआधी सापडलेली गळती एका दुपारची असते. सोसायटीला आधी लेखी कळवा, राडारोडा कुठे टाकणार तेही त्यात लिहा, नाहीतर जिन्यात गोणी दिसल्या की पहिला फोन तुम्हालाच.

आता तुमच्या यजमानांसाठी. हा भाग त्यांना वाचायला द्या.

नमस्कार. तुम्हाला ती जमीन आवडली यात नवल काहीच नाही, चांगली ओकची जमीन सुंदरच असते. पण ती तिथे का चालते, हे बघू. न्यू जर्सीतलं सर्वसाधारण घर लाकडी सांगाड्याचं असतं. जमिनीखाली लाकडी तुळया, त्यांच्यावर प्लायवूड, आणि ओकच्या पट्ट्या त्या प्लायवूडमध्ये खिळ्यांनी ठोकलेल्या. म्हणजे लाकडावर लाकूड. अशा घरात उलट टाइल बसवायची तर कटकट. तुळया पावलाखाली किंचित लवतात आणि टाइल लवत नाही, ती तडकते. म्हणून तिथे टाइलखाली सिमेंटचा बोर्ड किंवा खास चादरीसारखा थर (मेम्ब्रेन) घालावा लागतो. शिवाय जानेवारीत टाइलवर अनवाणी उभं राहणं म्हणजे बर्फावर उभं राहणं, म्हणून कुणी टाइलखाली गरम करणाऱ्या तारा घालतं, कुणी सरळ लाकूड घालतं. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नसते, तेव्हा तीच जमीन पुढे स्वयंपाकघरात जाते. तिथल्या माणसाने लाकूड निवडणं हे त्याच्या घराला, हवेला धरूनच आहे.

तुमच्या घराखाली आरसीसीचा स्लॅब आहे. त्यावर लाकूड खिळत नाहीत. ते एकतर चिकटवतात किंवा फोमच्या थरावर नुसतं जोडून सोडतात. आणि तुमच्या मंडळींच्या गुडघ्यांना तिथे जो आराम वाटला, त्यातला मोठा भाग ओकचा नव्हता, खाली लवणाऱ्या तुळयांचा होता. ओक स्वतः कठीणच आहे. तोच ओक सहकारनगरच्या स्लॅबवर चिकटवला, तर तो जवळजवळ स्लॅबइतकाच घट्ट लागेल. पायाला गार लागणार नाही, एवढाच फरक. म्हणजे ज्या गुणासाठी तुम्ही पैसे मोजणार, तो गुण विमानात बसून पुण्याला येत नाही.

दुसरं, हवा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही रेषांच्या लांबीला नाही, आडवं. तिकडे लाकडी जमिनीसाठी घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला सांगतात आणि हीटिंग-एसीच्या जोरावर माणसं ती बऱ्यापैकी ठेवतातही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांच्या खाली उतरते आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी ८५च्या वर जाते. आपण खिडक्या उघड्या ठेवून राहणारी माणसं. एप्रिलमध्ये पट्ट्यांत फटी, ऑगस्टमध्ये कडा वर आलेल्या. हे बेडरूममध्येही होतं, पण तिथे निदान कुणी बादलीभर पाणी ओतत नाही.

सागवानाचं म्हणाल, तर सागाचा गाभा वाळवीला आणि पाण्याला चांगलं तोंड देतो, म्हणून तर त्याची जहाजं व्हायची. गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड मात्र तसं नाही, आणि आज बाजारात मिळणाऱ्या तरुण सागात ते बरंच असतं. मार लागण्याच्या बाबतीत साग ओकपेक्षा मऊच आहे. लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो, यावर लाकडाचा कठीणपणा मोजतात. त्या मापात अमेरिकन रेड ओक १,२९० पाउंडांच्या आसपास आणि साग १,१०० पाउंडांच्या आसपास बसतो. आता तुमच्या स्वयंपाकघरात काय काय पडतं ते आठवा. कुकरचं झाकण, खलबत्त्याचा बत्ता, पोळपाट. गॅसची पाइपलाइन आली नसेल तर भरलेला सिलिंडर, ज्यात गॅस १४.२ किलो आणि नुसती टाकी साधारण तितक्याच वजनाची. असा तीसेक किलोचा ऐवज घरी पोचवणारा माणूस टाकीच्या खालच्या कडेवर फिरवत, घरंगळत आत आणतो. लेकीकडे हे काहीच नसतं.

आपल्याकडे लाकडी जमीन नव्हती असंही नाही. जुन्या वाड्यांच्या माड्या लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवरच होत्या, कोकणातले माळेही. पण चूल, पाणवठा आणि मोरी खाली. सारवलेल्या जमिनीवर नाहीतर शहाबादी फरशीवर. ज्यांच्याकडे साग मुबलक होता त्यांनीसुद्धा तो पाण्यापासून लांब ठेवला. एवढं सांगून तुमच्यापुरतं थांबते. तुमच्यासाठी शेवटी एक सोय सुचवलीय, ती बघा.

आता पुन्हा तुमच्याशी. शोरूमवाल्याच्या एसपीसीबद्दल. चुनखडीची भुकटी आणि प्लॅस्टिक यांची चार ते सहा मिलिमीटर जाडीची पट्टी, वर लाकडाचा छाप आणि पारदर्शक थर. ती पट्टी पाण्याने फुगत नाही, हे खरं. फसवणूक ‘वॉटरप्रूफ’ या शब्दात नाही, तो पट्टीला लावलेला आहे आणि आपण तो जमिनीला लावून घेतो, त्यात आहे. पट्ट्या एकमेकींत नुसत्या अडकवलेल्या असतात. भिंतीच्या कडेने, मोरीच्या काठाने पाणी खाली गेलं की पट्टी त्याला वर येऊ देत नाही. खाली कुजका वास आणि बुरशी, वरून सगळं छान. दुसरं, अशी तरंगती जमीन सपाटीवरच बसते, आणि तुमच्या मोरीला आतून ढाळ हवा. तिसरं, अशा जमिनीवर जड कपाटं-ट्रॉल्या ठोकून बसवू नयेत, ती हलायला मोकळी राहावी लागते. आणि गरम कढई चुकून खाली टेकवलीत तर प्लॅस्टिकवर डाग कायमचा. मोरी नसलेल्या, मॉड्युलर, फक्त सिंक असलेल्या स्वयंपाकघरात मी एसपीसीला नाही म्हणत नाही. तुमच्याकडे म्हणते.

तेव्हा टाइल. पण टाइल म्हटलं की काम झालं असं समजू नका, स्वयंपाकघरात सासूबाई काठी घेऊन येतात. टाइल कोणती, यावर त्यांचं हाड अवलंबून आहे.

जमिनीसाठी व्हिट्रिफाइडच घ्या. तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याच्या आत असते. भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहूनही जास्त पाणी पिते, ती जमिनीला कुणी कितीही स्वस्त दिली तरी नको. आपल्याकडची बहुतेक टाइल गुजरातेतल्या मोरबीहून येते, तेव्हा कंपनीच्या नावापेक्षा खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. पृष्ठभाग मॅट. आरशासारखी चमकणारी, पीजीव्हीटी किंवा नॅनो म्हणून दाखवतात ती, हॉलमध्ये शोभते, स्वयंपाकघरात तेलाचा एक थेंब आणि पाण्याचे चार शिंतोडे पडले की तिच्यावर उभं राहवत नाही. विक्रेत्याला आर-नंबर विचारा. ही जर्मन मोजपट्टी आहे. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवतात आणि तो किती अंशांवर घसरतो ते बघतात. आर-९ म्हणजे ६ ते १० अंश, आर-१० म्हणजे १० ते १९, आर-११ म्हणजे १९ ते २७. तुमच्या मुख्य जमिनीला आर-१०, मोरीत आर-११. सगळीकडेच आर-११ घेऊ नका, इतक्या खरखरीत टाइलच्या खाचांत पिठाचा आणि तेलाचा थर बसतो, मावशी महिन्याभरात तुम्हाला दोष देतील. आणि ही चाचणी बुटांची आहे, आपण अनवाणी. म्हणून नंबर बघून झाल्यावर नमुन्याची एक टाइल घरी आणा, ओली करा, थोडं तेल चोळा आणि ओट्याला धरून पायाने घासून बघा. सासूबाईंना नको, तुम्ही बघा.

रंगाबद्दल थोडक्यात. पांढरीशुभ्र नको, प्रत्येक केस आणि हळदीचा कण दिसतो. काळी तर त्याहून नको, वाळलेल्या पाण्याचे क्षार आणि कणकेची भुकटी दिवसभर डोळ्यात खुपते. राखाडी किंवा मातकट, किंचित छटा असलेली. फार ठिपकेदारही नको, फुटलेल्या काचेचा तुकडा तिच्यात हरवतो. यजमानांचं समाधान म्हणून लाकडाच्या छापाची लांब पट्टीची टाइल सुचवली जाईल, आठ इंच बाय चार फूट वगैरे. माझ्या डोळ्यांना ती नक्कल आवडत नाही, पण ते राहू द्या. खरी अडचण अशी की लांब टाइल मधे किंचित कमानीसारखी असते, शेजारच्या टाइलच्या काठाशी तिचा मधला भाग वर येतो आणि तिथे काठी अडते. बसवायचीच झाली तर सांधे निम्म्यावर न घेता एक तृतीयांशावर घ्यायला सांगा, आणि मोरीच्या ढाळावर ती नकोच.

तुमच्या आठ बाय दहासाठी मी दोन बाय दोन फुटांची टाइल घेईन, मोरीत आणि तिच्यासमोरच्या दीडदोन फुटांत एक बाय एकची. छोटी टाइल ढाळ नीट घेते, आणि जास्त सांधे म्हणजे पायाला जास्त पकड. ८० चौरस फुटांना दोन बाय दोनच्या एकवीसेक टाइल्स लागतात. खोक्यात बहुधा चार येतात. सहा खोकी म्हणजे तुटफूट धरून झालं, सातवं घेऊन माळ्यावर टाका. सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, हे टेम्पो निघायच्या आत बघा. पाच वर्षांनी एक टाइल फुटली की ती शेड जगात कुठेच मिळत नाही.

आता बसवणं, आणि इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण निम्मे पैसे इथे वाया जातात.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून ती नुसत्या सिमेंटलाही नीट धरत नाही. अ‍ॅडेसिव्ह हवं, गोणीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक बघा. मिस्त्री सवयीने टाइल्स बादलीत भिजत घालेल. भिंतीच्या सिरॅमिकला ती सवय ठीक, इथे त्याचा उपयोग नाही. अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे पसरायचं. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे गोळे ठेवून वर टाइल दाबायची पद्धत सर्रास चालते, काम झपाट्याने होतं, आणि त्या गोळ्यांमधल्या पोकळीवर एक दिवस बत्ता पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाकडी दांडक्याने प्रत्येक टाइल वाजवा. बद्द वाजली ती उचलून परत बसवायला लावा. शेवटचा हप्ता देण्याआधी हे करा.

सांधा न ठेवता टाइलला टाइल चिकटवली की जमीन अखंड दिसते आणि मिस्त्रीला तेच कसब वाटतं. नाही म्हणा. स्पेसर लावून दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायची. फट नसेल तर सांधा भरायला जागा राहत नाही, पाणी तिथूनच खाली जातं, आणि आपण इतका वेळ कशाबद्दल बोलतोय? या फटी व्हाइट सिमेंटने किंवा साध्या ग्राउटने भरू नका. सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र, पहिल्या हळदीच्या हाताने पिवळं आणि सहा महिन्यांत काळपट. इपॉक्सी ग्राउट घ्या, महाग पडतं, पण ८० चौरस फुटांत किती फरक पडणार! इपॉक्सीचे दोनतीन घटक मिसळले की ते घाईने घट्ट होऊ लागतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि टाइलवर आलेलं लगेच स्पंजने पुसून घ्यायचं. राहिलं तर दुधी पापुद्रा धरतो आणि तो काढताना टाइलचं मॅटपण जातं. ज्याने आधी इपॉक्सी भरलंय असाच माणूस बोलवा. रंग टाइलपेक्षा अर्धी छटा गडद.

मोरी ठेवा. हल्ली सगळे काढायला सांगतात, पण तुमच्या मावशी बसून भांडी घासतात, मोठे टोप आणि डाळ-तांदळाचं धुणं मोरीतच सोपं पडतं. तिला तीन इंच उंच ग्रॅनाइटचा काठ द्या, पाणी आत राहील. ढाळ तिच्या आतल्या भागालाच, शंभराला एक. बाहेरची जमीन जवळजवळ सपाट राहील आणि सासूबाईंच्या काठीला उतार लागणार नाही. त्यांची गॅसपर्यंतची वाट मोरीच्या काठापासून लांब आहे ना, हे तेवढं बघा. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये उंबऱ्यासारखी पट्टी उचलून बसवायची सवय आहे, ती या वेळी जमिनीला सारखी बसवा. तुम्ही खालचा जुना थर काढताच आहात, पातळी जुळवायला जागा आहे. टाइल घेताना दुकानातली ॲसिडची बाटली घरी आणू नका. व्हिट्रिफाइडला ती फारसं काही करत नाही, पण सिमेंट, ट्रॅपची जाळी आणि मावशींचे हात, तिन्ही खाते.

तुमच्या गुडघ्यांसाठी जमीन बदलून फार काही हाती लागणार नाही, हे वर आलंच. त्यांना जाड रबरी तळाची घरातली चप्पल आणि ओट्यासमोर न घसरणारी फोमची मॅट, इतकं पुरतं. मॅट ओट्याच्या पायाशी आत सरकवून ठेवा. सासूबाईंच्या वाटेत तिचा काठ येत असेल, तर मॅट नकोच, चप्पलच. पोळ्या लाटायला उंच स्टूल ठेवलंत, तर गुडघ्यांना जमिनीपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल. डिसेंबर-जानेवारीत टाइल सकाळी गार लागेल, पण एप्रिल-मेमध्ये त्याच गारव्यासाठी घरातली मुलं जमिनीवर लोळत असतात.

आणि यजमानांची सोय. स्वयंपाकघरात त्यांचं म्हणणं आपण मोडलं, घरात मोडायचं काही कारण नाही. त्यांच्या बेडरूममध्ये ओक घाला. अखंड लाकडाचा नको, इंजिनिअर्ड घ्या. आडव्याउभ्या प्लायच्या थरांवर खऱ्या ओकची तीन-चार मिलिमीटरची पाटी असलेला. असा माल हवेतल्या फरकाने कमी हलतो आणि पुढे एकदोनदा घासून पुन्हा पॉलिश करता येतो. अर्ध्या मिलिमीटरची पाटी दाखवतील, ती घासता येत नाही. काम पावसाळा संपल्यावर करा, दिवाळीच्या आगेमागे हवा मधली असते. खोकी आणून त्याच खोलीत काही दिवस उघडी ठेवा, मग बसवा. स्लॅबवर ओल अडवणारा प्लॅस्टिकचा थर आणि वाळवीची फवारणी बसवण्याआधी. भिंतींपाशी दहा-बारा मिलिमीटर फट, ती स्कर्टिंगखाली झाकते. सुतार ‘गॅप कशाला’ म्हणून फळी भिंतीला घट्ट भिडवेल, तिथे यजमानांना स्वतः उभं राहू द्या. पुसायचं ते पिळलेल्या फडक्याने, बादली त्या खोलीत न्यायची नाही. त्या खोलीला बाल्कनी असेल आणि पावसाची झड आत येत असेल, तर दारापासून दोन फूट टाइलच ठेवा आणि ओक तिथून पुढे सुरू करा.